इलेक्ट्रॉनीय स्थिरक, प्रतिकृती विमानांतील

इलेक्ट्रॉनीय स्थिरक, प्रतिकृती विमानांतील : जमिनीवरून रेडिओ संदेशांनी उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृती विमानाला वाऱ्याच्या झोतामुळे वा अन्य कारणाने अनपेक्षित कलाटणी मिळाल्यास ती ओळखून विमानाची नियंत्रण पृष्ठे आपोआप विरुद्ध दिशेने हलविणारे साधन. हौशी उड्डाणकार त्याला केवळ ‘जायरो’ म्हणतात. पेट्रोल एंजिनावर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृतींत त्याचा वापर विशेष उपयुक्त, पण तितकाच जोखमीचाही ठरतो.

मोठ्या प्रतिकृती : अमेरिकेतील इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन या संस्थेच्या संकेतानुसार पंखांची एकच जोडी असलेल्या विमानाचा पंखविस्तार किमान ८० इंच (सु. २०३ सेंमी.) आणि दोन जोड्या असलेल्याचा किमान ६० इंच (सु. १५२ सेंमी.) असल्यास ती मोठी प्रतिकृती समजली जाते. लहान प्रतिकृतींच्या एंजिनांत मिथेनॉलयुक्त इंधन वापरतात, तर मोठ्या प्रतिकृतींत वंगण तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी, ठिणगी गुडदी असलेली एंजिने बसवितात. अशा विमानाचे वजन १० ते २० किग्रॅ.पर्यंत सहज जाते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी मनोरंजन, शिक्षण वा संशोधन यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडवावयाच्या प्रतिकृतीची कमाल वजनमर्यादा २५ किग्रॅ. ठरविली आहे.

ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या १५ किग्रॅ. वजनाच्या विमानाची गतिज ऊर्जा, तेवढ्याच वजनाचा दगड सु. ४० मी. उंचीवरून पडताना त्याला मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. त्यामुळे अशा विमानावरील ताबा सुटणे हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही, तर तो मैदानावरील माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

इतिहास : ‘जायरोस्कोप’ (घूर्णी) हे नाव फ्रेंच भौतिकीविज्ञ लेआँ फूको यांनी १८५२ मध्ये दिले. विमानाच्या स्थिरीकरणासाठी घूर्णीचा वापर करून दाखविण्याचे श्रेय अमेरिकन वैमानिक लॉरेन्स स्पेरी यांना जाते. १९१४ मध्ये पॅरिसजवळ सेन नदीवर त्यांनी दोन्ही हात वर करून आपले कर्टिस विमान प्रेक्षकांसमोरून नेले. प्रतिकृतींमध्ये घूर्णी प्रथम रुळला तो हेलिकॉप्टरांच्या शेपटीकडील पंख्याच्या नियंत्रणासाठी. त्यात विद्युत् चलित्राने फिरणारे छोटे चाक असे. पुढे फिरत्या चाकाऐवजी दाबविद्युत् स्फटिक आणि त्यानंतर सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म संवेदक आले. त्यामुळे वजन व किंमत उतरली आणि तिन्ही अक्षांवरील नियंत्रण एकाच छोट्या पेटीत सामावले.

रचना व कार्य : आजच्या स्थिरकात फिरणारा भाग नसतो. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भाग सतत कंप पावत ठेवलेला असतो. विमान वळू लागले की कोरिऑलिस परिणामामुळे (फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये वर्णिलेल्या) हा भाग कंपनाच्या दिशेला लंब अशा दिशेनेही हलतो. ही हालचाल विद्युतीय रीत्या मोजली की कोनीय वेग कळतो. असे तीन संवेदक अनुक्रमे विमानाचे कुशीवर कलणे (रोल), नाक वर-खाली होणे (पिच) व नाक डावी-उजवीकडे वळणे (यॉ) यांचा वेग मोजतात.

हा वेग आणि चालकाकडून ग्राहीत आलेला संदेश यांची तुलना सूक्ष्मप्रक्रियक करतो. चालकाने न मागितलेले वळण आढळल्यास एलेरॉन, एलेव्हेटर वा सुकाणू यांच्या सर्व्हो चलित्रांना विरुद्ध संदेश जातो. किती वळणाला किती विरोध करावयाचा, हे ठरविणाऱ्या गुणकास लाभांक म्हणतात. बहुतेक स्थिरकांत लाभांक प्रेषकावरूनच कमी-जास्त वा शून्य करता येतो.

प्रकार : (१) केवळ वळण्याच्या वेगाला विरोध करणारा प्रकार. यात झोत ओसरल्यावर विमान ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहते. (२) दिशा धरून ठेवणारा प्रकार. यात झालेले विचलन साठवून ते पूर्णपणे भरून काढले जाते. (३) विमान आपोआप समपातळीत आणणारा प्रकार. यास प्रवेगमापकांचीही जोड लागते. मोठ्या प्रतिकृतींत नेहमीच्या वापरासाठी पहिला प्रकार सर्वांत निर्धोक मानला जातो. दुसरा प्रकार उतरताना घातक ठरू शकतो. वेग कमी होऊन नाक झुकू लागले की तो एलेव्हेटर अधिकाधिक वर ओढतो. परिणामी नाक वर राहते, पण वेग आणखी घटतो व अखेर पंखांचा उद्धार एकाएकी नाहीसा होतो. स्थिरकाला वळणे कळते. हवेतील वेग कळत नाही.

लाभांक व वेग : नियंत्रण पृष्ठाची परिणामकारकता हवेतील वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किमी. वेगाला योग्य असलेली पृष्ठाची हालचाल ताशी १२० किमी. वेगाला चौपट परिणाम करते. म्हणून उतरण्याच्या वेगाला साजेसा लाभांक पूर्ण वेगाला अतिरिक्त ठरतो. स्थिरकाने केलेली दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते, तिच्या दुरुस्तीसाठी पुन्हा उलट हालचाल होते आणि विमान थरथरू लागते. ही थरथर वेळीच थांबविली नाही, तर बिजागऱ्या व सर्व्होंचे दाते निकामी होऊ शकतात. काही स्थिरक उपग्रहाधारित वेगमापनाच्या साहाय्याने वाढत्या वेगाबरोबर लाभांक स्वतःच उतरवितात.

पेट्रोल एंजिनाच्या अडचणी : दर मिनिटास ६,००० फेरे करणारे एक सिलिंडराचे द्विधाव एंजिन सेकंदाला १०० कंपने निर्माण करते. ही कंपने संवेदकापर्यंत पोहोचल्यास तो त्यांनाच विमानाची हालचाल समजू शकतो. यासाठी स्थिरक एंजिनाच्या भिंतीपासून दूर, विमानाच्या अक्षांना समांतर व मऊ चिकटपट्टीवर बसवितात. ताठ तारा संवेदकाला कंपने पोहोचवीत असल्याने त्या सैल सोडतात. ठिणगी निर्माण करणारे मंडल व त्याची विद्युत् घटमाला ग्राही आणि स्थिरक यांपासून लांब ठेवतात. स्थिरकामुळे सर्व्हो सतत काम करीत राहतात व विजेचा खर्च वाढतो. म्हणून घटमालेची क्षमता त्या हिशेबाने निवडावी लागते. जोडदांड्यांतील सैलपणा हेही थरथरीचे एक कारण असते.

उड्डाणपूर्व तपासणी : स्थिरकाची दिशा उलट बसविली गेल्यास तो विचलन रोखण्याऐवजी वाढवितो आणि विमान जमीन सोडताच चालकाच्या हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून दर वेळी एंजिन बंद असताना विमान हाताने हलवून पृष्ठांची हालचाल पाहणे आवश्यक असते. उजवा पंख झपकन खाली नेला असता उजवे एलेरॉन खाली व डावे वर गेले पाहिजे. नाक वर उचलले असता एलेव्हेटर खाली. नाक डावीकडे वळविले असता सुकाणू उजवीकडे. प्रेषकाच्या दांड्या योग्य चालतात एवढ्यावरून स्थिरकाची दिशा बरोबर आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. या दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते. वीज चालू केल्यावर काही सेकंद विमान अगदी स्थिर ठेवावे लागते, कारण त्या काळात संवेदक आपला शून्यबिंदू निश्चित करतो.

नव्या विमानाचे पहिले उड्डाण स्थिरक बंद ठेवून करतात. गुरुत्वमध्य व पृष्ठांची मूळ ठेवण यांचे दोष तेव्हाच उघड होतात. नंतर पुरेशा उंचीवर लाभांक थोडाथोडा वाढवीत नेतात व थरथर दिसताच तो मागे घेतात.

उपयोग व मर्यादा : आडव्या वाऱ्यात उतरताना, तसेच अरुंद चाकजोडीच्या युद्धविमानांच्या प्रतिकृती धावपट्टीवर धावताना एकीकडे ओढल्या जातात तेव्हा, स्थिरकाचा लाभ ठळकपणे जाणवतो. आंतरराष्ट्रीय विमानविद्या महासंघाच्या एफ३ए या कसरतींच्या स्पर्धावर्गात मात्र जडत्वावर आधारित स्वयंचलित नियंत्रणाला मनाई आहे, कारण तेथे चालकाच्या कौशल्याचीच परीक्षा असते. शेपटीकडे जड झालेल्या विमानाचा दोष स्थिरक झाकू शकतो, पण दूर करू शकत नाही. स्थिरक बंद पडला वा बंद केला की तो दोष पुन्हा उभा राहतो. म्हणून स्थिरकाशिवाय सुरक्षितपणे उडू व उतरू शकणाऱ्या विमानातच तो बसविणे इष्ट ठरते.