औषधजन्य पुरुषस्तनवृद्धी : एक अव्यक्त दुष्परिणाम

प्रस्तावना

हृदयविकार, यकृतविकार, मनोविकार किंवा पुरःस्थ ग्रंथीचे विकार यांवर दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या काही पुरुषांना काही महिन्यांनी स्तनाग्राखाली हुळहुळी गाठ जाणवू लागते. मळमळ, चक्कर, अंगावरील पुरळ या तक्रारी रुग्ण डॉक्टरांना तत्काळ सांगतो; ही तक्रार मात्र तो बहुधा सांगत नाही. सैल सदरा घालणे, चारचौघांत अंग उघडे न करणे आणि अखेरीस कोणालाही न विचारता गोळी बंद करणे, असा प्रकार पुष्कळदा घडतो. स्तनवृद्धी स्वतः बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिच्यापायी बंद पडलेले औषध मात्र जिवावर बेतू शकते. प्रस्तुत विषयाचे गांभीर्य नेमके येथे आहे.

वसई-विरार परिसरात या मौनाला दैनंदिन जीवनक्रमाचीही साथ मिळते. येथील कित्येक नोकरदार पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात आणि रात्री परततात. तज्ज्ञाकडील तपासणी मुंबईच्या रुग्णालयात, तापखोकल्यासाठी नालासोपाऱ्यातील घराजवळचा दवाखाना आणि गोळ्या स्टेशनबाहेरील दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर, अशी उपचारांची वाटणी झाली की रुग्ण एकंदर कोणती औषधे घेतो, याची एकत्र नोंद कोणाकडेच राहत नाही.

संप्रेरकांचा तोल

'गायनेकोमास्टिया' ही संज्ञा स्त्री व स्तन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनली असून ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्याकडून आल्याचे मानले जाते. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे संप्रेरक अल्प प्रमाणात असते; अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनपासूनच ते तयार करते. इस्ट्रोजेन स्तनग्रंथीची वाढ करते, टेस्टोस्टेरॉन ती रोखते. हा तोल ढळला की ग्रंथी वाढू लागते. नवजात अर्भकात, पौगंडावस्थेत व वार्धक्यात तो नैसर्गिकरीत्याही ढळतो. पौगंडावस्थेतील वाढ बहुतांश मुलांत एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते. स्थूल व्यक्तीच्या छातीवरील निव्वळ मेद ही याहून निराळी बाब होय. खऱ्या स्तनवृद्धीत स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट चकती हाताला लागते.

औषधे हा तोल निरनिराळ्या मार्गांनी बिघडवतात. याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णांना तसेच यकृताच्या सिरोसिसमुळे जलोदर झालेल्यांना हे औषध दिले जाते. ते टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहींवर जाऊन बसते व संप्रेरकाचा मार्ग अडवते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, १,६६३ हृदयरुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधाने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना स्तनवृद्धी वा स्तनदुखी झाली, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावयास हवेत. लाजेपोटी औषध सोडणारा रुग्ण पहिल्या आकड्यातील लाभ गमावतो. त्यातही खेद असा की, एप्लेरेनोन हा पर्याय उपलब्ध आहे आणि त्यात हा त्रास फारच कमी आढळतो. परंतु तक्रारच न कळल्यास डॉक्टर औषध बदलणार कसे? सिरोसिसच्या रुग्णात तर गुंता वाढतो, कारण बिघडलेले यकृत व मद्यपान ही स्वतंत्र कारणे तेथे आधीपासूनच असतात.

रिस्पेरिडोन हे मनोविकारावरील औषध वेगळ्या वाटेने जाते. डोपामिनला अटकाव झाल्याने पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन अधिक स्रवते आणि त्यामुळे टेस्टोस्टेरॉनची निर्मिती मंदावते. अमेरिकेत या औषधामुळे बालपणी स्तनवृद्धी झालेल्या एका तरुणाच्या दाव्यात फिलाडेल्फिया येथील ज्यूरीने ऑक्टोबर २०१९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीवर ८०० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो ६८ लाख डॉलरवर आणला. आकडा उतरला, तरी रुग्णास पूर्वसूचना मिळण्याचा हक्क या खटल्याने चर्चेत आणला.

आम्लपित्तावरील सिमेटिडिन, बुरशीवरील किटोकोनॅझोलच्या गोळ्या, केसगळतीवरील फिनास्टेराइड, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील बायकॅल्युटामाइड ही आणखी काही नावे. एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ हेही त्यांपैकीच. भारताच्या शासकीय कार्यक्रमात २०२०च्या सुमारास त्याची जागा डोल्युटेग्रॅव्हिरने घेण्यास प्रारंभ झाला. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे असा परिणाम क्वचितच होतो. पण तेथे उपचार अर्धवट सोडण्याचे मोल रुग्णासोबत त्याच्या कुटुंबालाही मोजावे लागते.

प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने एक बाब विशेष लक्षणीय आहे. व्यायामशाळेत स्नायू फुगविण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने पौरुष वाढवितात, असा तरुणांचा समज असतो. बाहेरून घेतलेल्या जादा टेस्टोस्टेरॉनचे अ‍ॅरोमॅटेजमुळे इस्ट्रोजेन होते आणि इच्छिलेल्याच्या नेमके विपरीत फळ पदरी पडते. असा विद्यार्थी वर्गातील थट्टेला भिऊन क्रीडांगणावर येणेच टाळतो.

निदान आणि नोंद

कालमर्यादा येथे महत्त्वाची ठरते. प्रारंभीच्या महिन्यांत औषध बदलल्यास सूज व दुखरेपणा बहुधा ओसरतो. सुमारे वर्ष उलटल्यावर ग्रंथीतील ऊती तंतुमय होतात. मग औषध थांबवूनही वाढ पुरती जात नाही आणि शस्त्रक्रियाच उरते. गाठ कठीण, एकाच बाजूस, स्तनाग्रापासून सरकलेली असेल किंवा रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर विलंब न लावता तपासणी करावी. स्तनकर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुष सुमारे १ टक्का असतात. औषध बंद करण्याचा वा बदलण्याचा निर्णय मात्र ते देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

अशा दुष्परिणामांची नोंद व्हावी, यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम राबविला जातो. २०११ पासून त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन करते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यापूर्वी, २००४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातही, विभागीय केंद्र होते. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. ग्राहकांसाठीचा नोंदणी अर्ज मराठीतही काढलेला आहे आणि तो भरण्यासाठी डॉक्टरांच्या स्वाक्षरीची आवश्यकता नाही.