आधी ब्राइन, मग व्हॉल्व्ह

‘सदर द्रव्य हाताळताना योग्य ती दक्षता घेण्यात यावी.’ बोईसरला नोकरीला लागलो तेव्हा ड्रमच्या शेडबाहेर हा फलक होता. पुढे तीसेक वर्षं इथल्याच औद्योगिक वसाहतीत कामाच्या सूचना लिहिण्यात गेली, पण या वाक्यातली ‘योग्य ती’ म्हणजे कोणती, हे मला आजही सांगता येणार नाही. हातमोजे? मास्क? शेडजवळ विडी न ओढणं? आणि ‘घेण्यात यावी’ ती कोणी? ड्रम ढकलणाऱ्याने, सुपरवायझरने, की फलक रंगवणाऱ्याने?

या भागात अशा सूचना आल्या त्या इंग्रजीतून. ऑक्टोबर १९६९ मध्ये जवळच्या तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. पहिल्या दोन्ही अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. तिथे इंग्रजी चाललं, कारण कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस त्याच भाषेत शिकून तयार झालेला होता. मग एमआयडीसीची औद्योगिक वसाहत वाढली तशी रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद असं सगळं आलं. इथे रसायनांच्या रिॲक्टरपाशी उभा राहणारा मुलगा दहावीपर्यंत पोचलेला असला तरी खूप. त्याच्या हातात कागद मात्र त्याच थाटाचा, फार तर सरकारी मराठीत उतरवलेला.

खरं तर १९४८ चा कारखाने अधिनियम सांगत होता की, फलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत हवेत. भोपाळच्या कारखान्यात कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना हिंदीच येत होती. डिसेंबर १९८४ च्या तिथल्या वायुगळतीनंतर कायदा हलला. १९८७ च्या दुरुस्तीने धोक्यांची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक केलं. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांसाठी सुरक्षा माहितीपत्रक, लेबल आणि आपत्कालीन आराखडा आणला. कागद वाढला, फायली जाड झाल्या. माझ्या मते घोटाळा तिथेच झाला: आम्ही इन्स्पेक्टरसाठी लिहू लागलो.

एक कागद मला तोंडपाठ आहे, कारण तो मीच लिहिला होता. नायट्रेशनचा. ‘नायट्रेटिंग मिश्रण सावकाश सोडावे, ब्राइन सुरू असल्याची खात्री केल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नये, तथापि ॲजिटेटर बंद पडल्यास मिश्रण सोडणे थांबवावे.’ (ब्राइन म्हणजे रिॲक्टर थंड ठेवणारं खारं पाणी, ॲजिटेटर म्हणजे आतलं मिश्रण ढवळणारं यंत्र.) साहेबांनी शाबासकी दिली. मग रात्रपाळीच्या एका नव्या मुलाने तो माझ्यासमोर वाचला. वाचत वाचत एकेक कृती करत गेला. ‘सावकाश सोडावे’पाशी त्याचा हात व्हॉल्व्हवर होता, ब्राइन अजून पुढच्या ओळीत होतं आणि ॲजिटेटर त्याच्याही पुढे. रिॲक्टरमध्ये त्या दिवशी फक्त पाणी होतं, म्हणून हे आज लिहितोय.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. ‘केल्याशिवाय उघडू नये’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत हाताला ‘व्हॉल्व्ह’ एवढंच कळलेलं असतं. नवा कागद असा झाला: ‘ॲजिटेटर फिरतोय का, काचेतून डोळ्यांनी बघा. पॅनलच्या दिव्यावर जाऊ नका. ब्राइन चालू करा. आता व्हॉल्व्ह उघडा.’ दिव्याची ओळ एका जुन्या ऑपरेटरने घालायला लावली. मोटर चालू असते, दिवा लागलेला असतो, पण कपलिंग तुटलं तर आतलं पातं फिरत नाही. मिश्रण न ढवळता साचत जातं आणि कोणी घाईने ॲजिटेटर पुन्हा सुरू केला की सगळं एकदम पेटून उठतं. ही गोष्ट माझ्या पहिल्या कागदात नव्हती. ‘सावकाश’ हा शब्दही गेला, त्याच्या जागी तासाला किती लिटर तो आकडा आला.

दुसरी गोष्ट शिकलो ती दूरच्या एका अपघातातून. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अणुभट्टीचा अपघात झाला. त्यानंतर आणीबाणीच्या सूचनांची मांडणीच बदलली: काय बिघडलंय ते आधी ओळखा, असं सांगण्याऐवजी मीटर काय दाखवतोय ते बघा आणि त्यावरून हात चालवा. मीही ‘कूलिंगमध्ये बिघाड झाल्यास’ खोडून ‘तापमान ठरल्या आकड्यावर गेलं?’ असं लिहू लागलो. रात्री तीन वाजता निदान कोण करत बसणार?

सगळ्यात अवघड गेलं ते टाकीतल्या कामाचं वाक्य. ‘आतला माणूस पडला तर तुम्ही उतरू नका. ओरडा.’ ते वाचून कामगार चिडायचे. बरोबरच्या माणसाला टाकून ओरडत बसायचं? पण विषारी वायूच्या टाकीत वाचवायला उतरलेला दुसराही मरतो, मग तिसरा. ते वाक्य मी कधीच मवाळ केलं नाही.

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आठ जणांचे जीव गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच फायली काढल्या. माझ्या नव्या कागदांसकट सगळ्या कोऱ्या करकरीत, एकाही पानावर बोटाचा डाग नाही. तोवर पाळीवर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशाची मुलं जास्त होती. त्या आठवड्यात कागद कपाटातून निघून प्लॅस्टिकच्या कव्हरात रिॲक्टरशेजारी टांगले गेले, हिंदीत आणि चित्रांसह. हे आधीच करायला हवं होतं.

कारखान्याबाहेर मात्र अजून ‘योग्य ती दक्षता’च चालू आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा धुंदलवाडीकडच्या लोकांना घराबाहेर राहायला सांगितलं, तंबू दिले. अणुकेंद्राच्या मॉक ड्रिलमध्ये सांगतात, घरात जा, दारं-खिडक्या लावा. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात तारापूर पहिल्या श्रेणीत होतं. तेव्हा शेजारच्या काकूंनी मला विचारलं, ‘भाऊ, भोंगा झाला की आत जायचं की बाहेर?’

ग्रामपंचायतींना एवढंच सांगणं आहे: सालवड, कुंभवली, पास्थळ, जिथे जिथे भोंगा ऐकू येतो तिथे चौकात याचं उत्तर लिहून लावा. आत की बाहेर, आणि पुढची खबर कुठून मिळेल. क्रियापदाला ‘करा’ लावा, ‘करण्यात यावे’ नको. आणि रंगवण्याआधी त्या काकूंना एकदा वाचून दाखवा.