टोरंटवरून गेम घ्यावा का?

नववी-दहावीतल्या मुलांचे पालक शाळेत भेटले की मार्कांच्या चौकशीनंतर हल्ली एक तक्रार हमखास करतात : "सर, हा टोरंटवरून गेम उतरवतो." सांगताना आवाज असा खाली जातो, जणू पोराच्या दप्तरात सिगारेटचे पाकीट सापडले आहे. मुलांना विचारावे तर ती म्हणतात, "सगळेच घेतात, फुकट मिळतं." अम्मी-अब्बांना टोरंट म्हणजे चोरी वाटते आणि मुलाला टोरंट म्हणजे फुकट वाटते. दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि त्या चुकीची किंमत घराला मोजावी लागू शकते. म्हणून थोडे खोलात जाऊ.

मोठी फाइल लोकांपर्यंत पोहोचवायची तर साधा मार्ग म्हणजे ती एका सर्व्हरवर ठेवायची आणि ज्याला हवी त्याने तिथून उतरवून घ्यायची. मागणारे दहा असतील तर ठीक. दहा लाख आले तर सर्व्हर धापा टाकू लागतो आणि तो चालवणाऱ्याचे बिलही फुगते. म्हणजे वस्तू जितकी लोकप्रिय, तितकी ती वाटणे अवघड. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटोरंट नावाची पद्धत काढली आणि हे गणित उलटे केले.

वर्गातले उदाहरण घेऊ. पुस्तक एकच आहे आणि साठ मुलांना त्याची नक्कल हवी आहे. पुस्तक एकेकाला घरी दिले तर वर्ष संपेल. त्याऐवजी पाने सुटी करून प्रत्येकाला वेगळे पान दिले आणि "एकमेकांचे उतरवून घ्या" असे सांगितले, तर दोन-चार दिवसांत साठही वह्या भरतील. मुले जितकी जास्त, तितकी देणारी माणसेही जास्त. बिटटोरंट हेच करते. फाइलचे छोटे तुकडे होतात, घेणारा प्रत्येक संगणक मिळालेले तुकडे लगेच इतरांना देऊ लागतो. जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी घेतला जातो, म्हणजे मूळ पुस्तकवाले गुरुजी मधेच निघून गेले तरी एखादे पान कायमचे हरवण्याची भीती कमी होते. जो इतरांना देतो त्याला लवकर मिळते. मात्र नव्याने आलेल्याकडे देण्यासारखे काही नसते, म्हणून अधूनमधून अशालाही एखादा तुकडा देऊन बघण्याची सोय पद्धतीतच ठेवली आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

पान उतरवताना कोणी खाडाखोड केली तर? प्रत्येक तुकड्याला त्यातल्या मजकुरावरून हिशेब करून काढलेला एक लांबलचक आकडा असतो. एक अक्षर बदलले तरी आकडा जुळत नाही आणि तुकडा फेकून दिला जातो. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. टोरंट बनवणाऱ्याने जी वस्तू आत ठेवली तीच आपल्याला मिळाली, एवढेच या तपासणीतून कळते. त्याने मुळातच व्हायरस घातलेली वस्तू ठेवली असेल, तर तोही एकेक तुकडा तपासून, अगदी चोख आपल्या घरी पोहोचतो.

ही पद्धत चोरबाजारातच वापरली गेली असे मुळीच नाही. २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम आला. त्याच्या सुधारणांच्या मोठमोठ्या फाइली लाखो खेळाडूंना एकाच दिवशी हव्या असत. ब्लिझर्ड कंपनीने त्यासाठी आपल्या डाउनलोडरमध्ये बिटटोरंटच वापरले. खेळाडूंपैकी काही जण कुरकुरतही असत : दर महिन्याला आम्ही वर्गणी भरायची आणि तुमचा माल वाहायला नेटही आमचेच? कुरकुर रास्त होती असे मला वाटते. नको असेल त्याला ही देवाणघेवाण बंद करण्याची सोय मात्र होती. पुढे कंपनीने साध्या सर्व्हरचा मार्ग धरला.

मोठ्या कंपनीला ते परवडते. खरी गरज असते ती छोट्या गेमकारांना. 'हंबल बंडल' नावाचा उपक्रम २०१० मध्ये सुरू झाला. छोट्या गटांनी बनवलेले काही गेम एकत्र करून "तुम्हाला वाटेल ती किंमत द्या" असे सांगून विकायचे, आणि पैशातला काही वाटा धर्मादाय कामाला द्यायचा, अशी ही योजना. पहिल्याच खेपेला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. गेमला कुलूप नव्हते, आणि पुढे त्यांनी ग्राहकांना साध्या डाउनलोडबरोबर टोरंटचा पर्यायही दिला. पण त्या पहिल्या विक्रीनंतर चालकांनी जो अंदाज मांडला तो वाचून मी थबकलो. एक सेंट देऊनही मिळणारा हा संच सुमारे पाव लोकांनी काहीच न देता घेतला होता. म्हणजे चोरीचे कारण दर वेळी महागाईच असते, हे काही खरे नाही.

आपल्या मुलांसाठी मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते 'झिरो ए. डी.' या गेमचे. वाइल्डफायर गेम्स नावाचा जगभरातल्या स्वयंसेवकांचा एक गट तो बनवतो. विषय प्राचीन संस्कृतींचा : रोमन, इराणी, कार्थेज, ग्रीक नगरराज्ये, आणि त्यांच्या जोडीला आपले मौर्यही. गाव वसवायचे, शेती करायची, सैन्य उभारायचे, राज्य राखायचे. २००९ मध्ये गटाने त्याचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. परवाना असा की कोणीही घ्यावा, वाटावा, अटी पाळून बदलावाही. हा गेम साधारण एक-दीड जीबीचा आहे. देणग्यांवर चालणाऱ्या गटाला लाखो वेळा एवढी फाइल पुरवायची म्हणजे ओझेच. म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर साध्या डाउनलोडच्या शेजारी टोरंटचीही लिंक असते. ती लिंक घेऊन गेम उतरवणारा आणि नंतर संगणक थोडा वेळ तसाच चालू ठेवणारा मुलगा त्या गटाच्या डोक्यावरचा भार हलका करतो. अशा देत राहण्याला 'सीडिंग' म्हणतात.

याचीच दुसरी बाजू पालकांनी नीट समजून घ्यावी. टोरंटवर कोणी नुसते घेत नाही. घेता घेता तो वाटतही असतो. बनवणाऱ्याची इजाजत असेल तर ती मदत आहे. इजाजत नसेल तर आपला मुलगा चोरीचा माल विकत घेणारा गिऱ्हाईक राहत नाही, तो माल फिरवणाऱ्यांपैकी एक होतो. आणि हे लपूनही राहत नाही. देवाणघेवाणीत असलेल्या प्रत्येकाला इतरांच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता दिसतो, आणि ती जोडणी बहुधा अब्बांच्या नावावर असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामचाही समावेश आहे. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय सौम्य शिक्षा देऊ शकते, पण गुन्हा तो गुन्हाच.

शिवाय कुलूप तोडलेल्या गेमसोबत जी सूचना येते ती वाचून पाहा : "आधी अँटिव्हायरस बंद करा." घराच्या दाराची कडी काढून ठेवा असे अनोळखी माणसाने सांगितले तर आपण ऐकतो का? त्याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो आणि मुलीचे शिष्यवृत्तीचे अर्जही भरतो.

मुलाला टोरंट वापरू द्यायचे असेल तर लिंक गेम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायला लावा. कुठल्या तरी यादीवर शोधून नको. जो गेम दुकानात दोन-तीन हजाराला विकला जातो तो दुसरीकडे "फुल व्हर्जन फ्री" दिसला, तर विचारायचे काही उरत नाही. टोरंट चालवायला क्यूबिटटोरंट हा मोफत, खुला आणि जाहिराती नसलेला प्रोग्राम आहे. त्यात अपलोडच्या वेगावर मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घाला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र टोरंट चालवूच नका. दिलेले तुकडेही आपल्याच डेटात मोजले जातात. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक सकाळीच संपेल आणि संध्याकाळी ताईचा ऑनलाइन क्लास बुडेल. ब्रॉडबँड असेल तर रात्री, घरात कोणाला नेट नको असते तेव्हा, ते काम लावावे. (गेम किती तास खेळावा, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यावर मला बरेच बोलायचे आहे.)

विकत घेतलेल्या गेमसाठीही याच कल्पनेचे एक घरगुती रूप आता मिळते. गेम विकणाऱ्या स्टीम या सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशी सोय दिली की एकाच वाय-फायवरच्या दोन संगणकांपैकी एकावर गेम उतरवलेला असेल, तर दुसरा तो इंटरनेटऐवजी शेजारच्या संगणकावरूनच घेतो. दुसऱ्याकडे तो गेम खेळण्याचा हक्क हवा, एवढी अट. पन्नास जीबीचा गेम दोन भावांना हवा असेल तर डेटा एकदाच खर्च होतो. ईदच्या सुट्टीत खालाची मुले लॅपटॉप घेऊन आली, तर त्यांनाही हे करता येईल; स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय कोणासाठी खुली ठेवायची ते निवडावे लागते.