रोडिओच्या रिंगणातलं वशिंड

मिरजेजवळच्या एका वाचकांनी गेल्या महिन्यात तीस सेकंदांचा एक व्हिडिओ धाडला. अमेरिकेतलं रोडिओचं मैदान, हॅटवाल्यांनी गच्च भरलेली गॅलरी. लोखंडी फाटक उघडतं आणि पाठीवरच्या माणसासकट एक वळू बाहेर उसळतो. चौथ्या उडीला माणूस हवेत. खाली त्यांचा प्रश्न : "साहेब, माणसाचं राहू द्या. जनावराचं वशिंड बघा. हे आपल्याकडचं दिसतंय. तिकडं कसं गेलं?"

ही शेतकऱ्याची नजर! मी तोच व्हिडिओ दहादा पाहिला असता आणि दहाही वेळा माणूसच पाहिला असता.

त्यांचा अंदाज बरोबर आहे. रोडिओतल्या बऱ्याच वळूंमध्ये 'ब्रामन' जातीचं रक्त असतं आणि ही जात अमेरिकेनं भारतीय जनावरांपासून घडवली. तिच्या मुळाशी मुख्यतः चार जाती सांगतात : गीर, गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल आणि चौथी 'कृष्णा व्हॅली'. म्हणजे सांगली, सातारा, बेळगाव, विजापूरकडची, काळ्या रानात जड औत ओढणारी आपली कृष्णाकाठची गुरं. वाचकांना स्वतःच्या गोठ्याची आठवण झाली, यात नवल नाही.

आता ती तिथं का नेली? याचं उत्तर गोचिडीत आहे. इथं मला थोडं रेंगाळू द्या, कारण या गोष्टीत माझा एक लाडका शास्त्रज्ञ आहे.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासचे कळप उत्तरेकडे हाकत न्यायची चाल पडली. टेक्सासची गुरं ठणठणीत. पण ती ज्या रानातून जात, तिथली स्थानिक गुरं काही आठवड्यांत तापानं फणफणायची, लाल लघवी करायची आणि पटापट मरायची. मिसुरी-कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन वाटा अडवू लागले. काही गुराखी म्हणत होते, हा गोचिडीचा प्रताप आहे. जाणकार मंडळी हसत होती.

थिओबाल्ड स्मिथ हसला नाही. सरकारी पशुखात्यातल्या या तरुण संशोधकानं 1889 पासून पशुवैद्य किलबोर्न यांना सोबत घेऊन अगदी साधे प्रयोग केले. एका कुरणात गोचिडी असलेली दक्षिणेची गुरं उत्तरेच्या गुरांसोबत सोडली. दुसऱ्यात दक्षिणेचीच गुरं, पण अंगावरची एकेक गोचीड हातानं वेचून काढलेली. तिसऱ्यात दक्षिणेचं जनावर एकही नाही, नुसत्या गोचिडी पसरलेल्या. पहिल्या आणि तिसऱ्या कुरणात आजार आला, दुसऱ्यात नाही. पण एक कोडं उरलं. ही गोचीड जन्मभर एकाच जनावराच्या अंगावर राहते, मग आजार दुसऱ्याकडे जातो कसा? स्मिथनं दाखवलं की रोगजंतू मादीच्या अंड्यांतून तिच्या पिलांत उतरतात आणि ती पिलं नवं जनावर गाठतात. आईचा वारसा!

हे सगळं 1893 मध्ये छापून आलं. सहा किंवा आठ पायांचा एखादा जीव एका प्राण्याचा आजार दुसऱ्याला देतो, याचा हा पहिला पक्का पुरावा. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी, 1897 मध्ये. रॉस यांना 1902 मध्ये नोबेल मिळालं, शाळेच्या पुस्तकात धडा मिळाला. स्मिथ यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

असो. गोचीड आणि दमट उकाडा यांना पुरून उरेल असं जनावर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याला हवं होतं. भारतीय गुरांची कातडी गोचिडीला सहजी थारा देत नाही आणि ऊनही त्यांना सोसतं. दोन भारतीय वळू 1854 मध्येच लुइझियानाच्या एका मळेवाल्याकडे पोचले होते, इंग्रज सरकारकडून भेट म्हणून. भारतातल्या ऊस-कापसाच्या लागवडीसाठी त्यानं धडे दिले होते, त्याची ही परतफेड. पुढे 1906 मध्ये टेक्सासच्या पिअर्स रँचनं थेट भारतातून जनावरं आणवली. 'ब्रामन' हे नाव मिळालं 1924 मध्ये. मांसासाठी आणलेल्या या जनावरात चपळाई आणि तापटपणा दोन्ही आहेत, हे रोडिओवाल्यांच्या लवकरच ध्यानात आलं.

आता पाठीवरच्या माणसाकडे येऊ. नियम मोजकेच. वळूच्या छातीभोवती वेणीसारखा विणलेला दोर. त्यातल्या मुठीत एक हात, हातमोज्याला राळ चोळलेली. दुसरा हात हवेत. तो वळूला किंवा स्वतःला लागला तर बाद. टिकायचं आठ सेकंद. दोराला पोटाखाली घंटा बांधलेली असते, आपल्यासारखी शोभेला नव्हे. स्वारानं मूठ सोडली की तिच्या वजनानं दोर गळून पडतो. आणि वळू उसळावा म्हणून त्याचं अंडाशय बांधतात, ही अफवा माझ्याही कानावर आली आहे. वळूला अंडाशय नसतं हे एक. आणि दुसरं, वळू उसळावा म्हणून वेगळा बांधतात तो मागचा दोर मागच्या पायांपुढे कुशीवरून जातो, वृषणांना शिवतही नाही. जनावराला ते आवडतं असा याचा अर्थ नव्हे. ते त्याला नको असतं म्हणून तर तो लाथा झाडतो.

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरला असाल, तर अर्धं भौतिकशास्त्र तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या चाकांच्याही मागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा मोठा होऊन भेटतो. वळू पुढचे पाय रोवून मागचा भाग झाडतो, तेव्हा त्याचं शेपटाकडचं टोक हीच ती शेवटची सीट. म्हणून स्वार वशिंडाला भिडून, टेकूच्या जवळ बसतो. पण वळू गिरकी घेऊ लागला की ही युक्ती अपुरी पडते. समजा सेकंदाला एक फेरा आणि स्वार गिरकीच्या मध्यापासून अर्धा मीटर दूर. गणित मांडा : बाहेर फेकणारा ओढा त्याच्या वजनाच्या दुप्पट. पंचाहत्तर किलोच्या गड्याला दीडशे किलोंचा हिसका, तोही एका मुठीवर, आणि दिशा कधी बदलेल याचा नेम नाही. वर ब्रामनची कातडी ढिली, त्यामुळे बैठकच सरकते. गिरकीच्या आतल्या बाजूला घसरण्याला तिथले स्वार 'विहिरीत जाणं' म्हणतात. हात दोरात अडकलेला आणि माणूस विहिरीत, यापेक्षा वाईट अवस्था नाही.

शंभरातले पन्नास गुण माणसाचे, पन्नास वळूचे. माणूस पडला तर त्याला शून्य, वळूचे गुण मात्र मोजतातच. न्याय म्हणावा तर हा!

लेन फ्रॉस्ट हा 1987 चा जगज्जेता. रेड रॉक नावाच्या वळूनं 309 स्वार पाडले होते, त्यावर 1988 मध्ये सातपैकी चार वेळा टिकलेला. 30 जुलै 1989 ला वायोमिंगमधल्या शायेनला त्यानं आठ सेकंद पुरे केले, खाली उतरला, आणि वळूनं मागून पाठीत शिंग मारलं. बरगड्या मोडल्या आणि आतल्या आत घात झाला. तो पंचवीस वर्षांचा होता. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट तिथंच होता. घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी घालतात तसं जाकीट त्यानं वळूस्वारांसाठी बनवलं. काम सोपं : शिंगाच्या टोकाचा मार छातीभर पसरवायचा. आज ते सगळ्यांच्या अंगावर असतं.

पण मेंदूला जाकीट नाही. 2013 पासून व्यावसायिक स्पर्धांत तरुण स्वारांना हेल्मेटची सक्ती आहे. त्यानं कवटी आणि चेहरा वाचतो, पण कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो त्याचं काय? कॅनडाचा टाय पॉझोबॉन 2017 मध्ये गेल्यावर त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास सापडला. वळूस्वारांत अशी पक्की नोंद झालेला तो पहिला. हेल्मेटच्या जाहिराती वाचताना हे लक्षात असू द्या.

आणखी एक जाहिरातबाजी : 'जगातला सर्वात घातक खेळ, तासागणिक अमुक इतक्या दुखापती.' एक तास भरायला पूर्ण आठ सेकंदांच्या 450 स्वाऱ्या लागतात. वर्षाला शंभर वळूंवर बसणाऱ्याची सगळी मिळून कमाई साडेतेरा मिनिटांच्याही आत. छेद इतका छोटा घेतला की अपूर्णांक फुगणारच. स्वारीगणिक मोजलं तरी खेळ भयंकरच आहे, मग तासांचा आकडा कशाला?

जे. बी. मॉनी हा हेल्मेट न घालता हॅटवरच उतरणारा जुन्या वळणाचा स्वार. सप्टेंबर 2023 मध्ये आर्क्टिक असासिन नावाच्या वळूनं त्याची मान मोडली आणि कारकीर्द संपली. पुढे तोच वळू मॉनीनं आपल्या रँचवर आणला. दोघंही निवृत्त झाले, एकाच कुरणात.

हे सगळं मी मिरजेच्या वाचकांना कळवलं. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं : "मग बाकीचं वर्षभर त्याला औताला जुंपत न्हाईत?"

नाही, असं लिहिलं. त्यावर त्यांनी नुसता डोक्याला हात लावलेला चेहरा पाठवला.