पानातून फुटणारे दवबिंदू

कळमनुरीच्या काळ्या रानात हळद, कापूस, सोयाबीन जोमानं येतं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीला मात्र ही माती मानवत नाही. तिच्यात चुनखडी, आणि बोअरचं पाणीही क्षाराचं. म्हणून मी ती कुंडीत, नुसत्या शेवाळ-मॉसवर वाढवते. रोपं करायला घेते ती मृगाचे दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर. पत्रे धुऊन निघाले की पन्हळीखाली पिंप लावायचं. टीडीएस मीटरवर ५०च्या आत आकडा दाखवणारं पाणी इथं आभाळातूनच मिळतं.

माझ्याकडची जात ड्रॉसेरा कॅपेन्सिस, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. हळदीला बेणं लागतं, हिला एक पान पुरतं. केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकत असलेलं, पूर्ण वाढलेलं पान निवडायचं, म्हातारं नको. स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि झाकणाच्या पारदर्शक डबीत पावसाच्या पाण्यावर तरंगत ठेवायचे. उजेड भरपूर हवा, पण ऊन थेट नको. बंद डबीत पाणी तापलं की पान शिजतं.

मग थेंब विरघळतात, लाली जाते, पान फिकट पडतं. पुष्कळ जण इथंच ते फेकून देतात. फेकू नये. तीन ते सहा आठवड्यांत पानाच्या वरच्या अंगाला, केसांच्या बुडाशी, टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे उंचवटे येतात. भिंग लावलं की त्यातून उलगडणारी पानं दिसतात. मिलिमीटरभर पान, पण त्यालाही केस असतात, आणि केसाच्या टोकाला लाल ग्रंथी. वाढ थांबलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि अख्खं झाड घडवतात, हे डोळ्यांसमोर चाललेलं असतं! मुळं त्यानंतर येतात. तोवर शिदोरी त्या जुन्या पानाचीच. म्हणून पाण्यात खत टाकायचा मोह आवरावा. त्यानं शेवाळ माजतं आणि कोंब गुदमरतात.

सगळ्याच कीटकभक्षी वनस्पतींना ही रीत लागू पडत नाही. मेघालयातली घटपर्णी नुसत्या पानातून येत नाही, तिला पेरासकट खोडाचा तुकडा लागतो. व्हीनस फ्लायट्रॅपचं पान बुडाशी असलेल्या पांढऱ्या भागासह ओढून काढावं लागतं. आपल्या कास पठारावरचा दवबिंदू, ड्रॉसेरा इंडिका, वर्षायू. तो बियांवर पुढच्या पावसाळ्यात उगवतो. तिथून रोप उपटून आणणं हा मला गुन्हाच वाटतो, कारण बी पडण्याआधी उपटलं की पुढची पिढीच संपली.

मुळं दिसली की रोपं चिमट्यानं उचलून ओल्या मॉसवर ठेवायची, कुंडी पाण्याच्या ताटलीत. झाकण हळूहळू, आठवडाभरात काढायचं. बाहेरच्या हवेला रुळली की केसांवर थेंब धरतो आणि चिलटं चिकटू लागतात. कुणाला रोप दिलं तर सोबत पावसाच्या पाण्याचा कॅनही देते, आणि एप्रिलच्या उन्हात कुंडी गच्चीवरून खाली सावलीत आणायला बजावते.