रिकाम्या कपातला चहा

भातुकलीत दोन-अडीच वर्षांचं मूल रिकामा कप पुढे करतं आणि बजावतं, "गरम आहे हं, फुंकर मार!" ही केवळ मोठ्यांची नक्कल नव्हे.

मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी अशाच लहानग्यांसमोर दोन रिकामे कप ठेवले, दोन्हींत खोटाखोटा चहा ओतला. मग एक कप उलटा करून झटकला आणि विचारलं, रिकामा कोणता? मुलांनी उलटा केलेलाच कप दाखवला. खरं तर दोन्ही कोरडे ठणठणीत! सांडलेला चहा संपतो, हा खऱ्या जगाचा नियम मुलांनी नसलेल्या चहालाही लावला होता. मला तर हा प्रयोग केवढा तरी सुंदर वाटतो.

लेस्ली यांनी १९८७ साली मांडलं, की खेळातली कल्पना मेंदू खऱ्या माहितीपासून अलग ठेवतो. त्यामुळे केळ्याचा फोन करणारं मूल भूक लागली की तेच केळं सोलून खातं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमताही त्यांनी याच यंत्रणेशी जोडली.

अदृश्य मित्राचंही तसंच. मार्जरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सोबती होता; जिवंत मानलेली बाहुली किंवा अस्वलही त्यात धरलेलं. तो खोटा आहे, हे बहुतेक मुलांना पक्कं ठाऊक असतं. तेव्हा जेवताना त्याच्यासाठी खुशाल पाट मांडावा. मात्र त्याला काय वाढायचं, हे मुलालाच ठरवू द्यावं.