इम्युनोथेरपीची सलाईन लावण्याआधी

पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब सलाईनमधून देणार असं कळलं की घरातले बहुतेकदा त्याला केमोच समजतात, नाहीतर ताकद वाढवणारं निर्धोक इंजेक्शन. दोन्ही समजुती स्वाभाविक आहेत, पण बरोबर नाहीत.

केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना थेट मारते. ही औषधं गाठीवर थेट घाव घालत नाहीत. आपल्या टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि अनेक कर्करोग तोच दाबून धरतात. औषध तो ब्रेक सोडवतं. अशा ब्रेकवरच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

ब्रेक सुटलेल्या पेशी कधीकधी निरोगी आतडी, फुप्फुसं, यकृत किंवा थायरॉइडवरही चालून जातात. त्यामुळे जुलाब लागले की मेडिकलमधून गोळी आणून ते थांबवणं इथे धोक्याचं ठरतं, कारण तो संसर्ग नसून आतड्याची सूज असू शकते आणि तिला बऱ्याचदा स्टिरॉइड लागतं. नवा खोकला, धाप, पुरळ, कावीळ, खूप थकवा, यांपैकी काहीही जाणवलं तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो.

संधिवात, सोरायसिस, अवयव प्रत्यारोपण, गर्भधारणा किंवा चालू असलेलं स्टिरॉइड, हे सारं पहिल्या डोसआधीच सांगा. औषध सगळ्यांना लागू पडत नाही. आपल्या गाठीच्या तपासणीत काय निघालं, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.